विममध्ये संपादनाचा वेग वाढवण्यासाठी नेमकी कोणती प्लगिन ठेवावीत?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी लातूरहून घरूनच काम करते. जँगोवर चालणारी काही संकेतस्थळे सांभाळण्याचे, म्हणजे मुख्यतः पायथनच्या फाइली आणि त्यांचे एचटीएमएल साचे दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आहे. लॅपटॉप जुना आहे आणि त्यात चारच जीबी रॅम आहे. पूर्वीचा एडिटर आणि ब्राउझर एकाच वेळी उघडले की सगळे अडखळायचे, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी विम या कळफलकावरूनच चालणाऱ्या हलक्या एडिटरकडे वळले. मूलभूत हालचाली आता हाताला बसल्या आहेत.

अडचण प्लगिनची, म्हणजे एडिटरला वरून जोडलेल्या पूरक सोयींची आहे. जिथे जे चांगले म्हणून वाचले ते बसवत गेले आणि आज माझ्याकडे ३७ प्लगिन आहेत. त्यांतली बरीचशी नेमकी काय करतात हे मलाच आठवत नाही. विम उघडायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो, टंकताना अक्षरे मध्येच थबकतात आणि काही कळा दाबल्यावर भलतेच घडते. माझे रोजचे काम ठराविक आहे: टॅग बदलणे, अवतरणचिन्हे बदलणे, एखाद्या मजकुराभोवती भाषांतराचा टॅग घालणे, चार-पाच ओळी उचलून दुसरीकडे नेणे आणि एका फाइलीतून दुसरीत जाणे. एवढ्यासाठी काय ठेवावे, काय काढावे, आणि ते ठरवायचे कसे, यावर अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कळा मी उच्चाराप्रमाणे लिहिणार आहे. ‘सी-आय-डब्ल्यू’ म्हणजे त्या तीन कळा एकामागून एक. आपणही तसेच लिहिलेत तर माझ्यासारख्यांना वाचायला सोपे जाईल.

बालाघाट (छत्रपती संभाजीनगर)

ताई, आपण प्रश्न योग्य क्रमाने मांडला आहे. काम काय आहे ते आधी सांगितलेत, प्लगिन नंतर विचारलीत. मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो आणि पंधरा वर्षांपासून विम वापरतो. माझे मत असे आहे की विमची स्वतःची भाषा पूर्ण अंगवळणी पडण्याआधी प्लगिन निवडायला बसलो, तर जे आधीपासून घरात आहे तेच आपण बाजारातून पुन्हा आणतो.

विममध्ये आज्ञा म्हणजे एक छोटे वाक्य असते. ‘डी’ म्हणजे काढ, ‘सी’ म्हणजे बदल, ‘वाय’ म्हणजे नक्कल घे, ही क्रियापदे. ‘आय-डब्ल्यू’ म्हणजे कर्सरखालचा शब्द, ‘आय-पी’ म्हणजे परिच्छेद, ‘आय-टी’ म्हणजे टॅगच्या आतला मजकूर, आणि ‘आय’नंतर दुहेरी अवतरण म्हणजे अवतरणातला मजकूर, ही कर्मे. कोणतेही क्रियापद कोणत्याही कर्माला जोडता येते. म्हणून ‘सी-आय-टी’ दाबले की टॅग तसाच राहून आतला मजकूर पुसला जातो आणि आपण लगेच नवा मजकूर टंकू शकतो. त्यासाठी टॅगच्या सुरुवातीला जावे लागत नाही, कर्सर आत कुठेही असला तरी चालतो.

येथे मराठी माणसाची एक खास अडचण होते, असे मला नवीन मुलांना शिकवताना जाणवले. आपण ‘शब्द बदल’, ‘ओळ काढ’ असे बोलतो. कर्म आधी येते, क्रियापद शेवटी. विमचा क्रम उलटा आहे, ‘बदल शब्द’ असा. त्यामुळे आपला हात नकळत व्हिज्युअल मोडकडे जातो, कारण तिथे आधी मजकूर निवडायचा आणि मग काय करायचे ते सांगायचे, हा क्रम आपल्या वाक्यासारखा आहे. काकून आणि हीलिक्स हे एडिटर मुळातच या क्रमावर उभे आहेत, त्यामुळे ज्यांना हाच क्रम जवळचा वाटतो त्यांनी ते जरूर पाहावेत. विममध्ये मात्र या सवयीची किंमत मोजावी लागते. क्रियापद आधी ठेवून दिलेली आज्ञा टिंबाच्या कळीने जशीच्या तशी पुन्हा चालवता येते आणि ती नव्या जागचे कर्म स्वतः ओळखते. व्हिज्युअल मोडमधून केलेला बदल टिंबाने पुन्हा चालवला तर तो फक्त तेवढ्याच लांबीच्या मजकुरावर होतो. पहिल्या वेळी पाच अक्षरांचा शब्द निवडला असेल तर पुढच्या जागी नऊ अक्षरांच्या शब्दाचीही पहिली पाचच अक्षरे बदलतील. टिंबाची कळ हा विमचा सर्वांत मोठा वेगवर्धक आहे आणि तो कोणत्याही प्लगिनमधून येत नाही.

शोधाला टिंब जोडले तर आणखी बळ येते. एखादा शब्द शोधून ‘सी-जी-एन’ दाबावे, नवा शब्द टंकून एस्केप दाबावे. त्यानंतर प्रत्येक टिंबाबरोबर पुढचा सापडलेला शब्द बदलत जातो, आणि एखादा वगळायचा असेल तर ‘एन’ दाबून पुढे जाता येते. एकाच वेळी अनेक कर्सर देणारे प्लगिन आपल्या यादीत असेल, तर महिनाभर ते बंद ठेवून हे करून पाहावे.

आता थबकण्याविषयी. विम सुरू करताना ‘स्टार्टअपटाइम’ हा पर्याय आणि एका फाइलीचे नाव दिले, तर प्रत्येक फाइल लोड व्हायला किती मिलिसेकंद लागले ते तिथे लिहिले जाते. दोषी दोन-तीनच निघतात. टंकताना होणाऱ्या विलंबाचे कारण वेगळेही असू शकते. एखाद्या प्लगिनने स्वल्पविराम किंवा ‘जे’सारख्या कळीने सुरू होणारी जोडकळ बांधलेली असली, तर पुढची कळ येते का हे पाहत विम थांबतो, आणि ही वाट पाहण्याची मूळ मुदत १००० मिलिसेकंद आहे. ‘व्हर्बोज आयमॅप’ ही आज्ञा दिली की इन्सर्ट मोडमधली, म्हणजे मजकूर टंकतानाची, कोणती कळ कोणत्या फाइलीने बांधली आहे ते दिसते. नॉर्मल मोडसाठी, म्हणजे कळा आज्ञा म्हणून चालतात तेव्हासाठी, ‘व्हर्बोज एनमॅप’. या दोन याद्या वाचायला अर्धा तास जाईल, पण ‘भलतेच घडते’ याचा उलगडा तिथेच होईल.

आणि एक आठवडा विम ‘क्लीन’ या पर्यायासह, म्हणजे एकही प्लगिन न घेता, उघडून काम करावे. शेजारी वही ठेवावी. जिथे हात अडतो, जिथे तीच पाच-सात कळांची कसरत दिवसात दहा वेळा करावी लागते, तिथे नोंद करावी. त्या वहीतून जे निघेल तीच आपली यादी.

गोदातीर (नांदेड)

बालाघाट यांच्याशी मी सहमत आहे, पण वही भरून झाल्यावर काय निवडायचे हेही सांगायला हवे, कारण प्रश्न तोच आहे. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत विम शिकवतो. माझी कसोटी एकच आहे: प्लगिनने विमच्या भाषेत नवे क्रियापद किंवा नवे कर्म आणावे. जे प्लगिन स्वतःची वेगळी खिडकी, वेगळा मेनू आणि वेगळ्या सवयी घेऊन येते, त्याला मी शेवटचे स्थान देतो.

या कसोटीवर पहिला क्रमांक टिम पोप यांच्या सराउंडचा. विमला अवतरणाच्या आतला मजकूर कळतो, पण अवतरणचिन्हांची जोडी ही एक वस्तू म्हणून बदलता येत नाही. सराउंड नेमकी ती उणीव भरते. ‘सी-एस’ दाबून दुहेरी आणि मग एकेरी अवतरण दिले की जोडी बदलली. ‘डी-एस’ आणि कंस दिला की कंसांची जोडी गेली, मजकूर राहिला. ‘वाय-एस-आय-डब्ल्यू’ आणि बंद होणारा कंस दिला की शब्दाभोवती कंस आले; उघडणारा कंस दिला तर आत एकेक मोकळी जागाही येते, हा फरक नव्या माणसाला गोंधळात टाकतो म्हणून मुद्दाम सांगतो. ‘सी-एस-टी’ने भोवतीचा टॅग बदलतो, ‘डी-एस-टी’ने निघून जातो.

आपल्या जँगोच्या साच्यांसाठी यात एक फार उपयोगी सोय आहे. सराउंडला आपण स्वतःची वेष्टने शिकवू शकतो. ज्या कळीला वेष्टन बांधायचे तिचा आस्की क्रमांक ‘सराउंड’ या शब्दापुढे अधोरेषेने जोडून त्या नावाचे चल तयार करायचे. टक्क्याच्या चिन्हाचा क्रमांक ३७ आहे. त्या चलात सुरुवातीचा महिरपी कंस आणि टक्का, मधे मजकुराच्या जागी उलटी तिरकी रेघ व ‘आर’, आणि शेवटी टक्का व महिरपी कंस असे लिहायचे. मग कोणत्याही शब्दावर ‘वाय-एस-आय-डब्ल्यू’ आणि टक्का दाबले की जँगोचा टॅग भोवती येतो. भाषांतराच्या टॅगसाठी दुसरे अक्षर निवडून असेच करता येईल. आपण सांगितलेल्या कामांतली तीन कामे या एका प्लगिनमध्ये मिटतात.

त्याच्या सोबतीला त्यांचेच रिपीट. ते एकट्याने काहीच करत नाही, पण ते नसेल तर सराउंडचे बदल टिंबाने पुन्हा चालत नाहीत, आणि टिंब चालले नाही तर निम्मा लाभ गेला.

ओळी टिप्पणीत टाकण्यासाठी कॉमेंटरी आहे: ‘जी-सी-सी’ने एक ओळ, ‘जी-सी-ए-पी’ने पूर्ण परिच्छेद. विमवरूनच निघालेल्या निओविम या एडिटरच्या ०.१० या २०२४ सालच्या आवृत्तीपासून ही सोय आतच आली आहे, त्यामुळे तो वापरणाऱ्यांनी वेगळे काही बसवू नये. एचटीएमएल लिहिताना एमेट ठेवावे. ‘यूएल’, मोठे-चे चिन्ह, ‘एलआय’, गुणिले पाच असे लिहून कंट्रोल-वाय आणि स्वल्पविराम दाबला की पाच नोंदींची पूर्ण यादी उभी राहते. फाइली शोधायला जुनेगन चोई यांचे एफझेडएफ. ते गो भाषेत लिहिलेले आहे आणि आपल्या लॅपटॉपवर त्याचा भार जाणवणार नाही.

आपोआप सुचवण्या देणारी मोठी प्लगिन मी मुद्दाम वगळतो आहे. तो कोड समजून घेण्याचा विषय आहे, संपादनाचा नाही. आणि कोकसारख्या प्लगिनला नोडजेएस सतत चालू लागते, ते चार जीबीमध्ये परवडणार नाही.

बिंदुसरा (बीड)

गोदातीर सरांच्या यादीत हालचालीचे एकही प्लगिन नाही याचे आश्चर्य वाटले. मी निओविम वापरतो आणि पडद्यावर दिसणाऱ्या कोणत्याही जागी थेट उडी मारण्याची सोय ही मला सराउंडइतकीच आवश्यक वाटते. लीप किंवा फ्लॅश बसवले की हव्या त्या जागेची दोन अक्षरे टंकायची, जिथे जिथे ती जोडी असेल तिथे एकेक खूण-अक्षर दिसते, ते दाबले की कर्सर तिथे. शिवाय ही उडी क्रियापदाबरोबरही चालते, म्हणजे ‘इथपासून तिथपर्यंत काढ’ असे सांगता येते. मग ती विमच्याच भाषेत नवे कर्म आणते असे का म्हणू नये?

बालाघाट (छत्रपती संभाजीनगर)

बिंदुसरा, आपला मुद्दा मान्य आहे. लीप आणि तसेच उडी मारणारे स्नीक या भाषेत नीट बसतात. तरी माझा आग्रह असा की आधी साध्या तिरक्या रेघेचा शोध वापरून पाहावा. ‘इन्कसर्च’ चालू असेल तर शोध टंकता टंकता कर्सर पुढे सरकतो, तीन अक्षरांत बहुधा इष्ट जागा येते, आणि हा शोध क्रियापदाबरोबर चालतोच. खूण-अक्षर डोळ्यांनी टिपून मग दाबण्यात मेंदूला एक थांबा घ्यावा लागतो. कुणाला तो जाणवत नाही, मला जाणवतो.

जुने ईझीमोशन मात्र घेऊ नये. ते खुणा दाखवण्यासाठी फाइलीतला मजकूरच तात्पुरता बदलते, आणि पार्श्वभूमीला कोड तपासणारे दुसरे काही चालू असेल तर ते त्या खुणांनाच चुका समजते. तसेच स्नीक बसवले तर ‘एस’ या कळीचे मूळ काम जाते. ते ‘सी-एल’ने करता येते, पण सवय बदलावी लागते. स्नीकच्या लेखकाने सराउंडशी टक्कर होऊ नये म्हणून व्हिज्युअल मोडमध्ये मोठा ‘एस’ सोडून मोठा ‘झेड’ घेतला, ही गोष्ट मला फार आवडते. कोणते प्लगिन निवडावे हे पाहताना त्याचा लेखक इतर प्लगिनांचा विचार करतो का, हेही पाहावे.

पूर्णाथडी (परभणी)

माझी परिस्थिती थोडी निराळी आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मी ज्या कार्यालयात पावसाच्या नोंदी एकत्र करतो तेथील संगणकांना इंटरनेट जोडलेले नाही. तिथे प्लगिन व्यवस्थापकाचा उपयोग नसतो. मी घरी प्लगिनचे फोल्डर उतरवून घेतो आणि पेनड्राइव्हने नेतो. २०१६ मध्ये आलेल्या विम ८ पासून यासाठी वेगळे काही लागत नाही: डॉट-विम या फोल्डरमध्ये ‘पॅक’, त्यात आपल्या पसंतीच्या नावाचे एक फोल्डर, त्यात ‘स्टार्ट’, आणि त्यात प्लगिन ठेवले की ते आपोआप लोड होते. ‘स्टार्ट’ऐवजी ‘ऑप्ट’मध्ये ठेवले तर ‘पॅकअॅड’ ही आज्ञा दिल्यावरच लोड होते. मदतीची पाने दिसण्यासाठी ‘हेल्पटॅग्ज’ एकदा चालवावे लागते, हे बहुतेक जण विसरतात. सेंटओएस ७ असलेल्या जुन्या यंत्रांवर विम ७.४ आहे, तिथे ही सोय नाही. तेथे मी पॅथोजेन हे प्लगिन लोड करणारे जुने साधन वापरतो.

माझे काम रकान्यांचे आहे. मराठवाड्यातल्या ७६ तालुक्यांचे अनुक्रमांक घालायचे असले, तर शून्यांचा एक उभा रकाना करून कंट्रोल-व्हीने निवडतो आणि ‘जी’ व कंट्रोल-ए दाबतो. एक ते शहात्तर ओळीने येतात. हे देवनागरी अंकांवर चालत नाही, कारण विम त्यांना संख्या मानत नाही. म्हणून सर्व हिशोब इंग्रजी अंकांत करून शेवटी एकाच आदेशाने ते देवनागरीत बदलतो. एखाद्या मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात. तशा ओळी वेगळ्या काढण्यासाठी पूर्ण फाइल उद्गारचिन्हाच्या आज्ञेने ऑक या ओळी गाळणाऱ्या साधनाकडे पाठवतो आणि गाळलेली यादी त्याच जागी परत येते. यांपैकी कशालाच प्लगिन लागत नाही.

रकाने सरळ रेषेत आणणारे ईझी-अलाइन मी बसवले होते. ते उत्तम आहे, पण गावांची नावे देवनागरीत असली की टर्मिनलवर जोडाक्षरांची रुंदी वेगळी मोजली जाते आणि रकाने पुन्हा तिरपे दिसतात. माझ्या कामापुरते ते काढून टाकले.

ओवीसंग्रह (अंबाजोगाई)

देवनागरीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या परिसरातल्या वृद्ध महिलांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या काही वर्षांपासून टंकून ठेवतो आहे. पुतण्याने विम शिकवले. या वयात कळा लक्षात राहतील का अशी शंका होती, पण मजकूर दुरुस्त करताना माउसकडे हात न्यावा लागत नाही याचा सांध्यांना मोठा आराम पडला.

मराठी टंकणाऱ्यांची पहिली अडचण अशी की इनस्क्रिप्ट कळफलक संगणकाच्या पातळीवर चालू असला, तर एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये आल्यावरही कळांमधून देवनागरी अक्षरेच येतात आणि विमला एकही आज्ञा कळत नाही. दर वेळी भाषा बदलायची, आज्ञा द्यायची, पुन्हा भाषा बदलायची. यावर दोन उपाय आहेत. लिनक्सवर आय-बस वापरणाऱ्यांसाठी बार्बारिक नावाचे छोटे प्लगिन आहे. इन्सर्ट मोडमधून बाहेर पडताच ते भाषा इंग्रजीवर नेते आणि परत आत गेल्यावर मराठी करते. दुसरा उपाय विममध्येच आहे, तो मी वापरतो. ‘कीमॅप’ या पर्यायाने विमला स्वतःचा कळनकाशा देता येतो. एका साध्या फाइलीत कोणत्या कळीला कोणते अक्षर हे ओळीने लिहायचे. मग संगणकाचा कळफलक कायम इंग्रजी राहतो आणि देवनागरी फक्त टंकताना येते. ‘एफ’ दाबून ओळीतल्या एखाद्या अक्षराकडे जायचे असेल तर ‘एफ’ इंग्रजी राहतो आणि त्यापुढचे अक्षर मात्र देवनागरीत घेतले जाते. ही सूक्ष्मता ज्यांनी योजली त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. मराठी आणि इंग्रजी यांत कंट्रोल व सहाच्या कळीवरील टोपीचिन्हाने ये-जा करता येते.

ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना ‘डेलकंबाइन’ हा पर्याय चालू ठेवावा. एरवी ‘एक्स’ दाबल्यावर ‘कि’ पूर्ण जातो. हा पर्याय असला की फक्त वेलांटी जाते आणि ‘क’ जागेवर राहतो.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो ‘वाऱ्याचा’सारख्या शब्दांनी. हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकता येतो: एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून, दुसरा नेहमीच्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण एक शोधले तर दुसरे सापडत नाही. त्या अक्षरावर कर्सर ठेवून ‘जी-ए’ दाबले की युनिकोड क्रमांक खाली दिसतो. ०९३१ असेल तर ‘ऱ’, ०९३० असेल तर ‘र’. टिम पोप यांचे कॅरॅक्टराइज नावाचे प्लगिन याच ‘जी-ए’मध्ये अक्षराचे अधिकृत नावही दाखवते. हे एक प्लगिन मी ठेवले आहे.

ओवी हे एकक निवडता यावे म्हणून वेगळे प्लगिन लागेल असे वाटले होते. विमचे वाक्य पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांवर संपते. दंड त्याला कळत नाही. शेवटी प्रत्येक ओवीनंतर एक कोरी ओळ सोडली. तेव्हापासून ‘डी-ए-पी’ने पूर्ण ओवी उचलली जाते आणि ‘पी’ने दुसरीकडे ठेवता येते. मजकुराची मांडणी बदलली आणि प्रश्न सुटला.

मांजराकाठ (लातूर)

गुरुजी, दंडाविषयीचे हे निरीक्षण मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. बालाघाट दादांच्या सांगण्याप्रमाणे आज सकाळपासून ‘क्लीन’ विम सुरू केले. काम फार हळू होते आहे, पण आठवडाभर करणार आहे. दरम्यान एक शंका: ज्या प्लगिनमध्ये चार-पाच वर्षांत काहीच बदल झालेला नाही, ते सोडून दिलेले समजावे का?

तेरणाकाठ (धाराशिव)

तसे समजू नये. सराउंडसारखे प्लगिन जे करायचे ते पूर्ण करून थांबलेले आहे. ज्यात दर आठवड्याला बदल होतात त्याच्याकडेच मी अधिक सावधपणे पाहतो. एकदा काम सुपूर्द करायच्या आदल्या रात्री मी सगळी प्लगिन एकदम अद्ययावत केली आणि एका प्लगिनची मांडणी पूर्ण बदललेली निघाली. एडिटर उघडताच चुकांचा पडदा येऊ लागला आणि पहाटेपर्यंत मी काम सोडून तेच सुधारत बसलो. तेव्हापासून प्रत्येक प्लगिन ठराविक आवृत्तीवर बांधून ठेवतो. विम-प्लग या प्लगिन व्यवस्थापकात ‘प्लगस्नॅपशॉट’ने सध्याच्या आवृत्त्यांची नोंद फाइलीत घेता येते आणि ‘प्लगडिफ’ने काय बदलले ते पाहून नको असलेला बदल मागे घेता येतो. निओविमचे लेझी हा व्यवस्थापक आवृत्त्यांची नोंद असलेली कुलूप-फाइल स्वतःच ठेवतो. ती गिटमध्ये जतन करावी.

प्लगिन म्हणजे आपल्या नावाने, आपल्या सर्व परवानग्यांसह चालणारा परक्याचा कोड असतो. ३७ प्लगिनांचा कोड कुणी वाचत नाही. सहा प्लगिनांचा वाचता येतो, आणि वाचावा असे माझे ठाम मत आहे.

मांजराकाठ (लातूर), तीन आठवड्यांनंतर

उशिरा लिहिते आहे, कारण वही पूर्ण भरल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पहिल्याच दिवशी ‘व्हर्बोज आयमॅप’ पाहिले तेव्हा टंकताना थबकण्याचे कारण सापडले. एका प्लगिनने स्वल्पविरामाने सुरू होणाऱ्या चार जोडकळा इन्सर्ट मोडमध्ये बांधल्या होत्या आणि पायथनमध्ये मी दर ओळीला स्वल्पविराम टंकते. ‘भलतेच घडते’ याचे कारण म्हणजे मोठ्या ‘एस’वर दोन प्लगिनांनी दावा केला होता, जे नंतर लोड होई ते जिंकत असे.

वहीतल्या नोंदी मोजल्या. सर्वांत जास्त वेळा अडले ते अवतरणे आणि टॅग बदलताना, म्हणजे सराउंडच्याच जागी. त्याखालोखाल दुसऱ्या फाइलीत जाताना. ओळी हलवण्यासाठी बसवलेले प्लगिन मला एकदाही आठवले नाही. ‘एम’ या आज्ञेला ओळक्रमांक दिला की काम होत होते. अनेक कर्सरचे प्लगिनही परत आणले नाही. ‘सी-जी-एन’ पहिले दोन दिवस अवघड गेले, तिसऱ्या दिवशी एका साच्यातले वर्गाचे नाव अकरा ठिकाणी बदलताना हात आपोआप तिकडे गेला.

आपोआप कंस पूर्ण करणारे प्लगिन काढताना वाईट वाटले, कारण ते सोयीचे होते. पण ते असताना काही बदल टिंबाने पुन्हा चालवले की अर्धवटच उमटत. टिंब आणि ते यांतून एक निवडायचे होते, मी टिंब निवडले.

आता माझ्याकडे सराउंड, रिपीट, कॉमेंटरी, एमेट आणि एफझेडएफ अशी पाच आहेत, आणि टॅगच्या जोडीवर टक्क्याच्या कळीने ये-जा करण्यासाठी विमसोबतच येणारे मॅचइट ‘पॅकअॅड’ने चालू केले आहे. भाषांतराच्या टॅगसाठी सराउंडला वेगळे वेष्टन शिकवले. आरंभाचा वेळ २०० मिलिसेकंदांच्या आत आला आहे. बिंदुसरा दादा, स्नीक आठ दिवस वापरून पाहिले, पण माझे साचे लहान आहेत आणि तीन अक्षरांच्या शोधाने भागते. मोठ्या फाइलींवर काम आले तर पुन्हा पाहीन.

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. टॅगमधला एखादा संपूर्ण गुणधर्म, म्हणजे ‘क्लास’ हे नाव, बरोबरचे चिन्ह आणि अवतरणातली किंमत, एकदम काढायचा असतो. अवतरणातला मजकूर ‘डी-आय’ आणि अवतरणचिन्हाने जातो, पण नाव आणि चिन्ह मागे राहतात. दिवसातून वीस वेळा हे करावे लागते.

गोदातीर (नांदेड)

त्यासाठी खरोखर प्लगिन लागेल, कारण विमला गुणधर्म हे कर्म माहीत नाही. टेक्स्टऑब्ज-यूजर नावाचे एक मूळ प्लगिन आहे, ज्यावर नवी कर्मे रचता येतात. त्याच्या आधाराने चालणारे टेक्स्टऑब्ज-एक्सएमएलएटीटीआर बसवा. ‘आय-एक्स’ म्हणजे गुणधर्म, ‘ए-एक्स’ म्हणजे त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेसह गुणधर्म. दोन्ही प्लगिन लहान आहेत. इतर कोणत्याही कळीला ती हात लावत नाहीत, आणि टिंब चालते.

मांजराकाठ (लातूर)

बसवले. ‘डी-ए-एक्स’ने पहिला गुणधर्म गेला, खालच्या टॅगवर जाऊन टिंब दाबले, तिथलाही गेला. आजच्या साच्यात असे चौदा होते. सर, मनापासून आभार.